पाच फासांची दोरी

३ मार्च, मंगळवार

पुन्हा तेच! वहिनीने कपडे वाळत घालायची जुनी दोरी काढली आणि तिला पाच फास केले — पाच मनगटांसाठी. पुढच्या बुधवारी टेकडीवर दर्शनाला जाताना आम्ही पाचही जणी एकमेकींना बांधून चालायचं. का, तर चुकामूक नको.

मी म्हटलं, "वहिनी, पायऱ्यांवर एक पडली तर पाचही पडतील."

"वन्सं, एक पडली तर चौघी उचलतील. तुमचं गणितच उलटं!"

बरोबर येणाऱ्या तिघी शेजारणी फिदीफिदी हसल्या. तीस वर्षं मी गणितच शिकवलं. असो.

६ मार्च, शुक्रवार

गर्दीत कसं चालावं याच्या सूचना वर्तमानपत्रात आल्या होत्या, त्या चौघींना मोठ्याने वाचून दाखवल्या. हात छातीसमोर धरा. लोंढ्याला उलटं ढकलू नका, तिरकं तिरकं कडेला सरका. चप्पल निघाली तरी वाकू नका. चुकलात तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा — आमचं ठरलं, पायथ्याचं पाण्याचं टाकं.

शेजारची शिंपीणबाई म्हणते, "चप्पल नवी असली तरी?" हशा!

पालथ्या घड्यावर पाणी.

कॉन्व्हेंटात आम्ही जोडीने हात धरून चालायचो. पण जिना आला की सिस्टर टाळी वाजवायच्या — हात सोडा, कठडा धरा! मैत्रिणीचा हात सोडताना किती जिवावर यायचं. सिस्टरांचा रागच यायचा. आज त्या वहिनीसमोर उभ्या राहायला हव्या होत्या.

९ मार्च, सोमवार

मी येत नाही म्हणून सांगितलं. वहिनी भांडली नाही. चहा आणून ठेवला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"तुम्ही नाही आलात तर रस्ताभर मी वाद कुणाशी घालू?"

दादा गेल्यापासून मला 'वन्सं' म्हणणारं हे एकच तोंड उरलंय. जाणार. झक मारत जाणार!

११ मार्च, बुधवार

चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर. कठडा एकाच बाजूला. आम्ही उतरत होतो — मी पुढे, वहिनी सगळ्यांत मागे. वळणावर वरून लोंढा आला. पाय पायरीला टेकेनात. हात छातीशी घ्यायला गेले तर दोरीने मागे खेचला. तिरकं सरका, तिरकं! ओरडत कशाबशा कडेला लागलो.

दोरी ओढली. हलकी आली.

शेवटचा फास रिकामा.

टाक्यापाशी नाही. चौकीत नाही. कर्ण्यावरून तीनदा नाव पुकारलं.

१२ मार्च, गुरुवार

पत्ता नाही. भाचा सकाळपासून दवाखाने पालथे घालतोय. शिंपीणबाई डोळे पुसत म्हणते, "तो फास आणखी घट्ट हवा होता हो." घट्ट! तिच्यावर इतकी ओरडले की शेजारी दारात आले. मग ती रडली, मीही रडले.

सांगितलं होतं. हजारदा सांगितलं होतं. ऐकलं का बाईने एकदा तरी?

१३ मार्च, शुक्रवार

सापडली! सरकारी दवाखान्यात. तीन बरगड्या मोडल्यात, पाय प्लास्टरमध्ये. मी भांडायलाच तोंड उघडलं — "सुटला ना शेवटी तुमचा तो फास?"

तिने माझा हात ओढून उशाशी घेतला. "सुटला नाही, वन्सं. पाय घसरला तशी मीच काढला. तुम्ही चौघी होतात ना पुढे."