वाळूचं पोतं

प्रिय बाबा,

तब्येत ठणठणीत आहे, असं तुम्ही फोनवर इतक्या घाईनं सांगता की मला ते खरं वाटेनासं झालंय. म्हणून या वेळी पत्र.

मागच्या भेटीत मी शेडमध्ये डोकावले होते. तुम्ही सांगितलं होतंत, दर रविवारी मोटरसायकल काढतो आणि एकटाच तळ्यापर्यंत जाऊन येतो. मग वाळूचं पोतं कोपऱ्यात कसं, तेही वर कोळ्याचं जाळं घेऊन? गॅरेजवाल्याची लेक आहे मी. मोटरसायकलच्या बाजूला जोडलेली साइडकार रिकामी असली की वळणावर तिचं चाक उचलतं, म्हणून आई गेल्यावर तिच्या जागी तुम्ही ते पोतं ठेवायला लागलात. पोतं घरी, म्हणजे तिथं कोणीतरी बसतंय. त्याच जागेत आईच्या मांडीवर बसून मी शाळेत गेले, धाकट्याला दवाखान्यातून आपण तिथंच बसवून घरी आणलं. आईची जागा आहे ती, बाबा.

तेवढ्यात शेजारच्या शिंपीणबाई डबा घेऊन आल्या. माझ्या नजरेला नजर देईनात. कपडे शिवणाऱ्या बाईच्या नखांत ग्रीस! म्हटलं, पाणी इथंच मुरतंय. तुमच्याशी धड न बोलता निघाले. मी काम करते त्या हॉटेलात साइडकार नावाचं एक आंबट मद्य मिळतं; कोणी ते मागवलं तरी माझं डोकं फिरायचं.

राग ओसरल्यावर एकेक आठवायला लागलं. मोटरसायकलचा आरसा बुटक्या माणसासाठी खाली वळवलेला होता, आणि तुम्ही तर ताडमाड. साइडकारमध्ये टोपी होती, ती तुमचीच. चहा ओतताना तुम्ही कपात बोट धरून ठेवलं होतंत.

बाबा, तुम्हाला दिसत नाही ना आता? मला कळलं तर गाडी विकून तुम्हाला इकडे घेऊन येईन, ही भीती. नाही आणणार. फोनवर तुम्ही थाप मारून सुटता. पत्र मात्र कोणाकडून तरी वाचून घ्यावंच लागतं, म्हणून हे लिहिलं. तर शिंपीणमावशी, इथवर वाचलंत, आता जरा थांबा आणि त्यांना पाणी द्या. तुमच्याबद्दल वाईट विचार केला, राग मानू नका. वळणावर गाडी हळू घ्या. पुढच्या रविवारी मी येतेय, तुमच्या मागच्या सीटवर बसेन. आईची जागा बाबांनाच राहू दे.

तुमचीच,
गॅरेजवाल्याची लेक