खोलीतलं खोलीत

९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

म्हातारपणी पुन्हा शाळेत कशाला जातोस, हा तुझा टोमणा पोचला. अगं, पहिली इयत्ता पास झालो म्हणून तर या पुढच्या वर्गात बसवलंय! तुझी वहिनी गेल्यावर मी शेजाऱ्यांच्या अंगावर धावून जायचो आणि मग फोन काढून ठेवून दिवसचे दिवस पडून राहायचो. तेव्हा मन सावरायच्या ज्या युक्त्या शिकलो, त्या गंजू नयेत म्हणून दर गुरुवारी औषधाच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही जमतो. समुपदेशक बाई असतात, पण शिकवत नाहीत. आठवड्यात कुठली युक्ती लागू पडली आणि कुठे फजिती झाली, ते ज्याचं त्याने सांगायचं.

मला आपला चौथीचा वर्ग आठवतो. सगळ्यांनी एका सुरात कविता म्हणायची, आणि कुणी अडखळलं की शेजारच्याने नुसते ओठ हलवून पुढची ओळ सुचवायची. इथेही तसंच. आमच्यात कपडे अल्टर करून देणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या लेकीने त्यांच्याशी बोलणं टाकलंय. तिला भेटायला जायचं, तर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते त्या आमच्यासमोर घोटत होत्या. आधी पानभर समर्थन होतं. छाटता छाटता एवढंच उरलं, की मी माझं सांगायला आले नाही, तुझं ऐकायला आलेय. धाकटे, अशी ओळ सापडायला कवींचा जन्म जातो!

ती लेक तुमच्याच गावात स्टेशनासमोर पार्लर चालवते म्हणे. खोलीतलं खोलीतच ठेवायचं असा आमचा नियम आहे, तेव्हा हे पोटात ठेव.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा दादा

१७ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळेत कविता पाठ झाली की तू घरी येऊन भांड्याकुंड्यांनाही ऐकवायचास. ती खोड काही गेली नाही!

आता रागावू नकोस. मी केस कापायला त्याच पार्लरमध्ये जाते. मुलगी गुणी, पण चेहरा कायम ओढलेला. खुर्चीत बसल्यावर मला राहवेना. तुझी आई तुझ्यासाठी बघ किती झुरतेय, चारचौघांत बसून पहिल्या वाक्याची तयारी करतेय, असं सांगितलं. वाक्यही सांगितलं. ती नुसती कात्री चालवत राहिली. माझे पुढचे केस मात्र इतके आखूड कापलेत की तुझे मेहुणे मला शाळकरी पोर म्हणताहेत. गहिवरली असणार बिचारी.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी धाकटी

२४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

ती गहिवरली नव्हती गं.

काल त्या बाई आल्या त्या डोळे सुजवूनच. लेकीचा फोन आला होता. वर्गात बसून पाठ केलेली माफी मला नको, म्हणाली, आणि परक्या बाईच्या तोंडून तर नकोच नको. त्या आम्हा प्रत्येकाकडे बघून विचारत होत्या, की कुणी सांगितलं. सगळ्यांच्या नजरा आमच्यातल्या एका बसड्रायव्हरकडे वळल्या, कारण तो बोलघेवडा. तो नाही नाही म्हणत राहिला आणि कुणालाच ते पटलं नाही. मी चहाच्या किटलीकडे बघत बसलो.

अपराधी वाटलं की आधी तपासायचं. ते खोटं असेल तर ताठ मानेने वागायचं, खरं असेल तर निस्तरायचं. ही युक्ती मी दुसऱ्यांना समजावलीय! पण नियम मोडणाऱ्याने वर्ग सोडायचा, असं ठरलेलं आहे. गुरुवार गेला तर बाकीचे वार मी कसे काढू? मी तोंड उघडलं नाही.

तुझ्यावर रागावलो नाही. नियम मी मोडला, तू नाहीस.

दादा

१ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आज पार्लरमध्ये जाऊन त्या मुलीची माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्ची दिली.

पण दादा, तू सांगू नकोस. मागे शेजाऱ्यांनी मला फोन करून बोलावलं होतं, दार तोडावं लागतंय की काय म्हणून. ते दार मी विसरलेले नाही. ड्रायव्हर हसतमुख आहे, विसरेल. आणि रागाने का होईना, लेक आईशी बोलली, असंही बघ ना! मोठ्या भावाला शिकवतेय, पण एवढं ऐक.

तुझीच धाकटी

१० मार्च

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

तुझं ऐकलं नाही. काल सांगून टाकलं.

लेक निदान बोलली, हे समाधान त्या बाईंनी मानायचं असेल तर मानावं. मी परस्पर कसं मानू? आणि ड्रायव्हर विसरणारा नव्हता. तो म्हणाला, की आपणच कुठे बरळलो असू असं त्याला वाटायला लागलं होतं, दोन आठवडे तो बसमध्ये कुणाशी बोलला नाही. ते ऐकताना जमीन दुभंगली असती तर बरं, असं झालं. वाक्य फार सुंदर होतं म्हणून सांगितलं, असं मी म्हणून गेलो, आणि म्हणताक्षणी कळलं की हे माझं समर्थनच आहे.

नियमाप्रमाणे माझी खुर्ची गेली. समुपदेशक बाईंनी दुसऱ्या एका वर्गाचा पत्ता दिलाय. तिथे पुन्हा पहिल्या इयत्तेपासून. जाईन. तोवर गुरुवारी संध्याकाळी फोन करत जा, आणि मी उचलला नाही तर वाजवत राहा.

उतरताना त्या कपडे अल्टर करणाऱ्या बाई माझ्यामागोमाग जिन्यात आल्या. त्यांनी मला माफ केलं, असं तू वाटून घेऊ नकोस. कठडा धरून उभ्या राहिल्या आणि मला एक वाक्य बोलल्या. घरी येईपर्यंत मी ते पुटपुटत होतो.

ते मी तुला लिहिणार नाही.

दादा