चारी बुजवायच्या आधी

उस्ताद, आज तुम्हाला एक काम दाखवायचंय. माझं न्हाई, पोरीचं.

तुमच्या हाताखाली मी पाइपलाइन शिकलो. मोटारीचं वाइंडिंग पुढं पुस्तकं पाहून माझं मीच. पोरगी आता पुण्यात हृदयाच्या ऑपरेशनला भूल देणारी डॉक्टर आहे. मागच्या आठवड्यात तिथं एका बाईला दात्याचं हृदय बसवलं. अशा वेळी पोरगी पेशंटच्या अन्ननलिकेत सोनोग्राफीची नळी सोडून ठेवते. अन्ननलिका हृदयाच्या बराबर मागून जाते, म्हणून आतलं रक्त वाहताना पडद्यावर दिसतं. हे मी तिला पुन्हा पुन्हा विचारून पक्कं करून घेतलंय.

टाके झाले, हृदय चालू झालं, रक्त फिरवणारं यंत्र हळूहळू कमी केलं, अन् हृदयाची उजवी बाजू फुगायला लागली. मोठे सर्जन म्हणाले, "हृदयच कमजोर आलंय. औषध वाढवा." पोरगी म्हणाली, "सर, हृदय जोर लावतंय. फुप्फुसाकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या जोडावर मुरड दिसतेय. रक्त तिथं चिंचोळ्या वाटेनं उडतंय." जोड उघडायचा म्हणजे बाईला परत यंत्रावर घ्यायचं. मुरड नसली तर नव्या हृदयाला फुकटचा मार. अन् असली, तर तशीच छाती शिवून बाई जगत न्हाई.

हे ऐकताना मला धावडा गावातलं ते शेत दिसून राह्यलं होतं. चारीत काळा पाइप अंथरलाय, जोड आवळलेत, मालक फावडं घेऊन उभा. "मिस्त्री, जल्दी बुजवा, सांज व्हायली." तुम्ही काठावरून हलत न्हाईत. "मालक, मुर्द्याला माती द्यायच्या आधी बी तोंड पाहतेत. चारी बुजवायच्या आधी पाणी पाहावं. मोटार चालू करा." पाणी सोडलं तर दुसऱ्या टोकाला धार करंगळीएवढी. जोडापाशी मी पाइप जरा लांब ठेवला होता, कमी पडू नये म्हणून. तिथंच तो मुरडला होता. तुम्ही मला म्हणालात, "एवढी माया सासऱ्याच्या शेतात कर. काप जास्तीचा."

पोरीनं सर्जनना एवढंच सांगितलं, "सर, चारी बुजवायच्या आधी पाणी पाहतात. एकदा पडद्यासमोर या." ते आले, उभे राहिले, अन् म्हणाले, "परत यंत्रावर घ्या." रक्तवाहिनी जोडाजवळ थोडी लांब राहिली होती, उस्ताद. तेवढी कापली, पुन्हा शिवली. मंग पडद्यावर धार कशी, रुंद अन् शांत. काल ती बाई वॉर्डात चालली.

सर्जननी नंतर विचारलं, "ते चारीचं कुठं शिकलीस?" पोरगी म्हणाली, "माझ्या बाबांचं वाक्य आहे." हे तिनं मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी नुसतं "हं" म्हणालो.

वाक्य तुमचं आहे. ते सांगायला म्हणून तिला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा जेवलीस का विचारलं, अन् ठेवून दिला.