बाबांचं हसू

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, झोपही लागते बऱ्याचदा. तुझा गुडघा आता कसा आहे?

मी नेमकं काय काम करतो, असं तू फोनवर विचारलंस. कॉम्प्युटरवर माणसाचा चेहरा बनवतो. एकाचे डोळे, दुसऱ्याचं नाक, तिसऱ्याची हनुवटी असं मिसळत जायचं. नवं बाळ बघायला आलेल्या आत्या-मावश्या त्याचा चेहरा वाटून घेतात ना, तसंच. इथे अट एवढीच की चेहरा खरा वाटावा, पण ओळखीच्या कोणावर गेलेला नसावा.

परवा एका म्हाताऱ्याचा चेहरा छान जमला, फक्त हसू जमेना. शेवटी मी त्याला बाबांचं हसू दिलं, ओठांच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होणारं. इथे कोण ओळखणार होतं? पण शेजारी बसणारी मुलगी बघून म्हणाली, "अरे, हा हसला की थेट तुझ्यावर जातो. बदल, नाहीतर साहेब ओरडतील."

मी ते बदललं.

बाबा नेहमी कुरकुरायचे, "पोरगा सगळा आईवर गेला. माझ्या वाट्याला नुसतं आडनाव." त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

त्यांचा फोटो तू कपाटात ठेवलास, असं ताई म्हणाली. बघवत नसेल तर राहू दे तिथेच. मी सुट्टी मिळाली की येतो. तेव्हा काहीतरी बोलून मला हसव, आणि नीट बघ.

तुम्हा दोघांचा,
धाकटा