हेका कुणी सोडला

बाबा, आज तुमचं श्राद्ध. आईचा फोन स्पीकरवर होता. ती बोलायची थांबली तेव्हा इथे आखातात, रुवैस गावातल्या माझ्या खोलीतला बिहारी दोस्त विचारतो, 'ये हेका क्या होता है?' मी म्हटलं, जिद. मग म्हटलं, नाही, जिद चांगलीपण असते. हट्ट पोराचा, तो कुणीतरी पुरवतं. हेका कुणी पुरवत नाही, ज्याचा त्याने सोडायचा असतो. तो म्हणाला, 'मतलब तू,' आणि चहाला गेला. इथला चहा म्हणजे... जाऊ दे, विषय तो नाही.

विषय अल मनखूलच्या घरातल्या आपल्या डब्यांच्या स्वयंपाकघराचा. बारावी अर्धवट सोडून मी फुजैराला बोटीवर कामाला जातो म्हणालो, तुम्ही नाही म्हणालात, आणि आपलं बोलणंच खलास. पाच महिने एकाच ओट्यावर गिऱ्हाइकांचे डबे भरले, मध्ये आई. 'त्याला सांग, आमटी पातळ झालीय.' 'त्यांना सांग, पोळ्या कमी पडतायत.' मी काय इंटरकॉम आहे का, म्हणायची.

आणि तो शुक्रवार. आई मंदिरात गेलीय. तुम्ही डब्याचं झाकण हातात धरून थेट माझ्याकडे बघता. "जा रे बोटीवर. पण आधी नीट पोहायला शीक."

मला इतकं हो म्हणायचं होतं, बाबा. पण सवयच अशी लागलेली की वाटलं, आई आली की तिला सांगू, 'त्यांना सांग, हो म्हणून.' तुम्ही जरा वेळ थांबलात. मग झाकण लावलंत, पिशव्या उचलल्यात आणि खाली गेलात. पार्किंगमध्ये गाडीपर्यंतही पोचला नाहीत. वॉचमन धावत वर आला. आई प्रसाद घेऊन परतली तेव्हा ॲम्ब्युलन्स निघून गेली होती.

आठ वर्षं झाली. बोटीवर मी गेलोच नाही. अजमान, अल ऐन, आता इथे, कुठेच बूड टेकत नाही. कुणीतरी मागून 'जा रे' म्हणावं, असं प्रत्येक गाव सोडताना वाटतं.

हे तुमच्यापर्यंत पोचवायचं तर पुन्हा आईच मध्ये लागणार, म्हणून हा लिहिलेला कागद उशीखालीच राहील. पान वाढून झाल्यावर आज फोनवर ती म्हणाली, "शेवटपर्यंत हेका सोडला नाही ह्यांनी. पोराशी एक शब्द बोलले नाहीत." दरवर्षी म्हणते. आणि मी, बाबा, आजही म्हटलं, हो ना, तसेच होते ते.