माझूच्या होडीचा पंप

७ मार्च
डिझेलचा पंप पुन्हा जाम! आणखी एक प्लंजर गेला. दोन मिलिमीटर जाडीची दांडी, बॅरलच्या नळीत स्वतःच्या वजनानं सावकाश उतरायला हवी. अर्ध्यात अडकली. ओढून काढली तर अंगभर ओरखडे.

जेवताना हिनं विचारलं, "झालं?"

नाही म्हटलं.

"मग इंजिनाशिवायच वाहा होडी. माझू काय झाकण उघडून बघणार आहे?"

बघणार नाही. पण बोललो तेच द्यायचं. हिला ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात समुद्रदेवी माझूला बोललो होतो — ही बाहेर आली तर बाबांच्या मासेमारी बोटीसारखी लहान होडी करून वाहीन, आत खरं डिझेल इंजिन, चालणारं. ही बाहेर आली. डॉक्टर मात्र पुढच्या तपासणीपलीकडचं काही बोलत नाहीत. २० एप्रिलला देवीचा वाढदिवस. नवस त्या दिवशी फिटायलाच हवा.

११ मार्च
आंग काका आले. वूची बंदरातल्या बोटींचे पंप दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. भिंगातून बघितलं आणि खो खो हसले. "हा कुणाच्या बोटीचा पंप रे? डासाच्या?" मग हिला हाक — "सू-चिन, चहा टाक गं, तुझा नवरा आता मुंगीची सायकल करणार!"

जाताना एवढंच म्हणाले, "प्लंजर घासायच्या पेस्टमध्ये घाण आहे."

हिऱ्याच्या भुकटीची नवी पेस्ट आणली.

१२ मार्च
जाम.

१९ मार्च
तेल बदललं. गाळणी बदलली. प्लंजर-बॅरलची एक जोडी कशीबशी जमली, तर नोझलच्या तोंडातून डिझेलच्या फवाऱ्याऐवजी थेंब. टप्. टप्. रागानं पक्कड फेकली. मग अर्धा तास पक्कड शोधली.

२३ मार्च
सापडलं! बॅरल पुसलेल्या कागदावर राखाडी भुकटी. वास घेतला — चंदन! मी प्लंजर घासतो त्याच्या बरोबर वर भूमिदेवाची फळी. सकाळ-संध्याकाळ उदबत्ती मीच लावतो. म्हणजे पेस्टमध्ये राख मीच पाडायची, आणि हात जोडून 'देवा, पंप चालू दे' हेही मीच म्हणायचं!

२४ मार्च
देवाला हलवायचं तर विचारावं लागतं. लाकडी चंद्रकोरींची जोडी टाकली — "थोडे दिवस पुढच्या खोलीत येता का?" एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्ही उताण्या! म्हणजे देव हसतोय. पुन्हा टाकली. हसतोय. तिसऱ्यांदाही! म्हटलं, महाराज, हसायला काय झालं?

दारातून ही — "घरातल्या म्हाताऱ्याला कुणी ऊठ म्हणतं का? तुम्ही उठा की!"

उठून जाणार कुठे? स्वयंपाकघरात.

२९ मार्च
"पेस्टची डबी सोया सॉसजवळ ठेवू नका. एक दिवस टोफूवर हिरे पडतील."

मी म्हटलं, तळू नकोस, तेलाचा धूर होतो.

"म्हणजे तुमच्या पंपासाठी मी उकडलेलं खायचं?"

चार दिवस दोघं उकडलेलं खातोय. रोज ऐकून घेतोय.

९ एप्रिल
प्लंजर उतरला! बोट न लावता, मधात चमचा बुडावा तसा. नोझलमधून फवारा — नुसतं धुकं. देवाला तांदळाची दारू ठेवली.

१३ एप्रिल
फवारा उत्तम, इंजिन ढिम्म. फक्त खोकतं. आंग काका म्हणतात, डिझेल उशिरा पडतंय, पंपाखालची चकती पातळ कर. केली. आता लवकर पडतंय!! देवी, तुझ्या सहनशक्तीतली थोडी इकडे पाठव.

१६ एप्रिल
चाललं. टक टक टक टक. आवाज बारीक, पण ताल बाबांच्या बोटीचाच. भांडी घासताना हिनं नळ बंद केला. म्हणाली, "थांबवू नका एवढ्यात."

२० एप्रिल
माझूच्या देवळात होडी वाहिली. इंजिन पहिल्या झटक्यात चाललं. नवस फिटला म्हणून निघालो, तर ही चंद्रकोरी घेऊन देवीपुढे गुडघ्यांवर. सगळ्यांदेखत विचारलं — "आई, दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला हे इथं येऊन इंजिन चालवतील. मी सोबत येईन. चालेल?"

होकार. पुन्हा होकार. तिसऱ्यांदाही.

वाटेत मी चिडलो — अगं, हा प्लंजर दोन वर्षंसुद्धा टिकायचा नाही!

"मग दुसरा करा," ही म्हणाली. "आता देवीनं शब्द दिलाय."