गालापाशची कळ

प्रिय धाकट्या,

फोनवर तू ओरडलास आणि मी फोन ठेवून दिला. म्हणून लिहितेय.

बाबांचा आता उजवा गाल तेवढा हलतो. हात गेले, वाचा गेली, पण डोकं शाबूत आहे. डॉक्टरांनी स्वतःला मिशी ठेवलीय, ती पाहून बाबांचा गाल थरथरला, म्हणजे हसले.

त्यांच्या उशाशी घंटेची पेटी आहे, ती मी केली हे तुला अजून खरं वाटत नाही ना? शिवणकाम आवरून संध्याकाळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गाला जायला लागले. सगळी पोरं माझ्या निम्म्या वयाची. पहिल्या दिवशी मलाच बाई समजून उठून उभी राहिली. नखाएवढ्या चिपमध्ये प्रोग्राम भरायचा, गालापाशची कळ दाबली की स्वयंपाकघरात घंटा वाजली पाहिजे. वर्गातल्या टेबलावर वाजली. मी हुरळून घरी आणून बसवली. दुसऱ्याच दिवशी भाजी चिरून आत गेले, तर बाबा कफाने गुदमरून निळे पडलेले, गाल कळीवर आपटतोय आणि घंटा मुकी. कफ ओढून काढला, म्हणून वाचले. सर म्हणाले, "अहो, तुमचा प्रोग्राम पेटीवरचा दिवा लुकलुकवत बसला होता. कळीकडे त्याचं लक्षच नव्हतं. वेळेत वाजत नसेल तर ती घंटा काय कामाची?" पुन्हा पहिल्यापासून शिकले. कळ दाबली की चिपने हातातलं टाकून आधी तिकडे धावायचं. प्रोग्राम अडकलाच तर त्याने आपला आपण पुन्हा सुरू व्हायचं. रडत शिकले, पण शिकले.

लांब घंटा म्हणजे हो, तुटक म्हणजे नाही, असं आमचं ठरलंय. रेडिओ लावू का विचारलं की इतकी लांब वाजवतात, की शेजारीण डोकावते.

परवा डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं, "गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावू या?" तुटक वाजली. मला वाटलं, कळ चिकटली असेल. डॉक्टर गेल्यावर पेटी उघडली, तारा तपासल्या, कळ बदलली. पुन्हा विचारलं. तुटक. "भीती वाटते का, बाबा?" लांब. "तरीही नको?" लांब.

तू डॉक्टरांना म्हणतोस, मशीन लावाच, ताईचं काय ऐकता. डॉक्टर म्हणतात, घरात एकमत होऊ द्या. पण बाबा हा महिना काढतील असं त्यांना वाटत नाही. माझ्यावर खुशाल चिडून घे. फक्त ये, आणि बाबांजवळ बसून तू स्वतः विचार. मी खोलीबाहेर थांबेन. तुझ्यासमोर ते जे वाजवतील, तेच मी डॉक्टरांना सांगेन.

वाट पाहतेय.

तुझीच,
ताई